नव्या फुटबॉल संघाचा विद्यार्थी पास: घ्या, पण टी-शर्टसाठी नको

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा हा पहिलाच मोसम. कपाटात एक चषक नाही, कुणाशी जुनी खुन्नस नाही. अशा संघाचा मोसमभराचा पास कशाला घ्यायचा, असं वर्गात बरेच जण विचारतात, म्हणून लिहितेय.

पासवर गोलपोस्टच्या मागच्या स्टँडमध्ये जागा, एक टी-शर्ट आणि सराव बघायला प्रवेश मिळतो. पोस्टरवर टी-शर्टच सगळ्यात मोठा छापलाय, आणि त्याच्यावरचं चिन्ह थोड्याच धुण्यांत सोलायला लागलं. ते चांगलं टिकलं असतं तरी फार फरक पडला नसता. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी 1976 साली अमेरिकेतल्या सात विद्यापीठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शनिवारी संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त विद्यार्थी घालून येत. नवा संघ तर सुरुवातीला बहुतेक हरतोच, मग टी-शर्ट बाहेर निघणार कधी?

पास वसूल होतो तो सरावाला. आमची राखीव गोलकीपर प्रॅक्टिकलला माझ्या शेजारच्या टेबलावर असते. सरावात ती सारखी डावीकडेच झेप घेत होती, कोपर सोललेलं. विचारलं तर म्हणाली, "या बाजूला माझा हात उशिरा जातो गं." पुढे एका सामन्यात ती उतरली आणि डावीकडचाच एक फटका तिने बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. अख्खा स्टँड ओरडत उभा राहिला. सामना 3-0 ने हरलो, पण पुढच्या वेळी आमच्या बॅचची गर्दी वाढलीच. खेळणारी आपल्या ओळखीची असली की हरतानाही उठून जाववत नाही.

जागा ग्रुपने मिळतात, हेही मला फार आवडलं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वॅन यांनी 1995 साली चाहत्यांच्या प्रेरणा मोजायला जी मापनश्रेणी मांडली, तिच्यातल्या आठ कारणांत सोबत हे एक आहेच. आमच्यातल्या दोघींना ऑफसाइड अजून कळत नाही, पण त्या येतात.

एक तक्रार मात्र आहे. सामन्याची वेळ बदलल्याचा मेसेज त्याच दिवशी दुपारी येतो, तोवर अर्धी मुलं घरी गेलेली असतात. हे आधी सुधारा, टी-शर्टचं नंतर बघू.

पास घ्यायचा तर चौघीपाचजणी मिळून घ्या, आणि पहिल्या सामन्याआधी एकदा तरी सरावाला जाऊन या.