लेखकभेट आणि लेखन कार्यशाळा : आठ महिने वापरून पाहिल्यावर

तिसरी-चौथीच्या दोन-दोन तुकड्या, जुलै ते फेब्रुवारी, एक लेखकभेट आणि सहा कार्यशाळा. मत आधीच सांगून टाकतो: पैसा आणि वेळ मोजकाच असेल तर भेट एकच आणि साधी ठेवा, बाकी सगळं कार्यशाळांवर घाला. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं.

भेटीचं घोडं पेंड खातं ते आपल्या समारंभप्रेमापायी. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय, मनोगत, आभारप्रदर्शन यांतच नव्वदपैकी पस्तीस मिनिटं जातात आणि लेखक बोलायला उभे राहीपर्यंत मुलं चुळबुळायला लागलेली असतात. सत्कार मुख्याध्यापकांच्या खोलीत उरकावा. एका वेळी साठच मुलं, सतरंजीवर, लेखकांपुढे अर्धवर्तुळात. सगळी शाळा पटांगणात बसवली की फोटो छान येतो, पण पाचव्या रांगेनंतर पुस्तकातलं चित्र कुणालाच दिसत नाही. माइक कॉलरचा हवा. हातातला धरला तर पान कोण उलटणार? पत्र्याचं छत असेल तर जुलै-ऑगस्ट टाळा, सरी सुरू झाल्या की माइकही हरतो. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांच्या आसपास लेखक मिळणं मुश्कील. मिळाले तरी एका दिवसात तीन शाळा उरकत येतात. त्यापेक्षा मधला कुठलाही साधा बुधवार चांगला.

आधी तीन आठवडे त्या लेखकांचं लेखन वर्गात रोज दहा मिनिटं वाचायचं. ही पायरी गाळली की प्रश्न ठरलेले येतात: तुमचं वय किती, पैसे किती मिळतात. प्रत्येकाकडून एक प्रश्न चिठ्ठीवर घ्या आणि त्यांतले दहा निवडा. गोष्टीला धरून असलेले प्रश्न आधी ठेवा, पण पैशांचा एखादा राहू द्या. त्याचं उत्तर मोठ्यांनाही ऐकायचं असतं. लेखकांना गोष्ट शेवटाच्या जरा आधी थांबवायला सांगा. पुढे काय होईल यावर जी झुंबड उडते, तीच पहिल्या कार्यशाळेची सुरुवात.

स्वाक्षरीचं गणित करून ठेवा: एका मुलाला वीस सेकंद, म्हणजे साठ जणांना वीस मिनिटं. नावाची चिठ्ठी हातात नसेल तर दुप्पट. पुस्तकविक्री त्याच जागी ठेवू नका. पैसे न आणलेली मुलं बाजूला उभी राहतात आणि तळहातावर सही मागतात. वर्गाच्या पेटीसाठी सही केलेली एक प्रत आणि प्रत्येकाला एक खूणपट्टी, एवढं पुरतं.

आता कार्यशाळा. पंचाहत्तर मिनिटं, जास्तीत जास्त तीस मुलं, दोन मोठी माणसं. पहिल्या तीन महिन्याला एक अशा घेतल्या, तो प्रकार फसला: मधल्या काळात मुलं आपलीच गोष्ट विसरतात. नंतरच्या तीन लागोपाठच्या शनिवारी घेतल्या तेव्हा गाडी रुळावर आली.

विषय देताना ‘पावसाळ्यातील एक दिवस’ म्हणालात की संपलं. ‘पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे’ हे वाक्य तिसांपैकी वीस वह्यांत उतरतं, कारण मुलांच्या डोक्यात निबंधाची पट्टी आधीच चिकटलेली असते. त्याऐवजी टेबलावर वस्तू ठेवा: काडी मोडलेली छत्री, एकटी चप्पल, डब्याचं हरवलेलं झाकण. दुसरी चप्पल कुठंय, एवढाच प्रश्न. दोन शेवटांना बंदी घाला, ‘आणि मला जाग आली’ आणि ‘तात्पर्य’. बंदी जाहीर होताच वर्ग हवालदिल होतो, पण दहा मिनिटांत खरे शेवट यायला लागतात.

गोष्टीतली माणसं घरच्या बोलीत बोलू द्या. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी संवाद कागदावर आले की निवेदनही सैल होतं. लाल पेन पहिल्या दोन खर्ड्यांत बाहेर काढू नका. ऱ्हस्व-दीर्घाखाली रेघा ओढल्या की पुढच्या खेपेला मूल येत असलेलेच सोपे शब्द लिहितं आणि गोष्ट चार ओळींत आटोपतं. दुसऱ्या खर्ड्याला जोड्या लावा: एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ‘मला कळलं नाही’ असे दोनच प्रश्न विचारायचे. शुद्धलेखन तिसऱ्या खर्ड्यात, तेही एका वेळी एकाच प्रकारच्या चुकांचं. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांनी सांगावं, मोठ्यांनी शब्द न बदलता उतरवावं. ‘शब्द न बदलता’ हे शिक्षकांना मुलांपेक्षा अवघड जातं.

शेवटच्या सत्रातली पुस्तिका मात्र पूर्ण वसूल. कोरा ए-फोर कागद, शिवण नाही, गोंद नाही. लांबीत (लांब कडेवर लांब कडा) एकदा आणि रुंदीत (आखूड कडेवर आखूड कडा) दोनदा घडी घालून उलगडला की आठ चौकोन दिसतात. मग रुंदीत अर्धा दुमडायचा आणि दुमडलेल्या कडेकडून मधल्या रेषेवर फक्त एक चौकोनभर कापायचं. उलगडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, आठ पानं उभी राहतात. चूक ठरलेली: मुलं सुट्ट्या कडेकडून कापतात आणि बाहेरच्या घड्या तुटतात. कात्री कुठून शिरणार तिथे बाण आणि कुठे थांबणार तिथे ठिपका काढून द्या, तरी चाळीस मुलांमागे दहा कागद जादा ठेवा. पान 74 बाय 105 मिलिमीटरचं, त्यात चार ते सहा ओळी बसतात. म्हणून गोष्ट आधी सहा तुकड्यांत तोडून घ्यायची. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ वेगळं. हे न करता सरळ लिहायला बसवलं की चौथ्या पानावर नायक अजून घरातून निघालेलाच नसतो.

आणखी एक सोय हाताशी आली. पुस्तिका उलगडली की आठही पानं कागदाच्या एकाच बाजूला असतात, म्हणजे एका झेरॉक्सवर अख्खं पुस्तक निघतं आणि तसंच दुमडून कुणालाही देता येतं. फक्त अंतिम प्रत काळ्या पेनानं लिहून घ्या. फिकी पेन्सिल झेरॉक्सवर उमटत नाही आणि नेमकी चित्रंच गायब होतात.