लहान विमानांच्या अपघातांचे अहवाल : उद्यमनगरातून एक अभिप्राय

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग करणाऱ्या माणसाने अमेरिकेतील विमान अपघातांच्या अहवालांवर अभिप्राय लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. निमित्त घरातलेच आहे. माझा पुतण्या गेल्या वर्षी वैमानिकाच्या प्रशिक्षणाला लागला. त्याचे शिकण्याचे विमान एका पिस्टन इंजिनाचे आणि दोन आसनांचे असल्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे हवेत इंजिन बंद पडले तर काय. वहिनींना निदान खरे उत्तर देता यावे, म्हणून मी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे, म्हणजे एनटीएसबीचे, अहवाल वाचू लागलो. आठ महिने रात्री वर्कशॉप बंद केल्यावर हेच वाचन चालू आहे.

मंडळाच्या संकेतस्थळावरची ही सेवा पूर्णपणे मोफत आहे आणि नावनोंदणीही लागत नाही. १९६२ पासूनच्या अपघातांच्या नोंदी त्यांच्या संग्रहात सापडतात. अपघातानंतर साधारण महिनाभरात प्राथमिक अहवाल येतो, अंतिम अहवालाला मात्र वर्ष-दोन वर्षे लागतात. अलीकडच्या अनेक प्रकरणांत मोडलेल्या भागांची छायाचित्रे, साक्षीदारांचे जबाब आणि देखभालीच्या नोंदी वेगळ्या संचात ठेवलेल्या असतात. आंतरराष्ट्रीय करारानुसार या तपासाचा हेतू दोषी ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार मंडळाचा अहवाल नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरताही येत नाही, आणि अहवालांच्या भाषेत जो शांतपणा जाणवतो, तो बहुधा त्यामुळेच असावा.

इंजिनाच्या धंद्यात आयुष्य गेल्यामुळे तुटलेले कनेक्टिंग रॉड, अडकलेले व्हॉल्व्ह, तडे गेलेले सिलिंडर असेच सगळे वाचायला मिळेल, अशी माझी समजूत होती. तशी प्रकरणे आहेतही. परंतु मी वाचलेल्यांपैकी बऱ्याच अहवालांत इंजिन शेवटच्या क्षणापर्यंत नीट चालत होते, किंवा बंद पडले ते केवळ त्याला पेट्रोल न मिळाल्यामुळे.

गायक जॉन डेन्व्हर यांच्या अपघाताचा अहवाल मी तीनदा वाचला आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ त्यांचे लाँग-ईझी जातीचे विमान समुद्रात कोसळले. हे विमान एका हौशी माणसाने नकाशांवरून स्वतः बांधलेले होते आणि डेन्व्हर यांनी ते नुकतेच विकत घेतले होते. मूळ रचनेत इंधनाची टाकी बदलणारा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेला, आणि त्यावर कोणती खूण कोणत्या टाकीची, हेही लिहिलेले नव्हते. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या नळ्यासुद्धा मागेच असल्याने त्या पाहण्यासाठी तंत्रज्ञाने त्यांना हातात धरायचा आरसा दिला होता. इंधन भरण्याबद्दल विचारले असता, तासभरच उडणार असल्याने गरज नाही, असे त्यांनी सांगितले. हा कॉक फिरवायचा तर उजवा हात नियंत्रणदांड्यावरून काढून अंग मागे वळवावे लागे, आणि तसे वळताना उजवा पाय नकळत रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, पेडलवर दाबला जाई, असे तपासात प्रत्यक्ष बसून पाहिल्यावर आढळले.

ही हकीकत मी आमच्या जुन्या फोरमनना सांगितली, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, "ते हँडल पाठीमागं बसवताना कोण बी काय बोललं न्हाई व्हय?" तपासाचा निष्कर्षही याच प्रश्नाजवळ येतो. वैमानिकाचे लक्ष विचलित झाले आणि विमानावरचा ताबा सुटला, एवढ्यावर मंडळ थांबलेले नाही. अपुरे इंधन, कॉकची गैरसोयीची जागा, खुणा नसलेली इंधनमापके आणि नव्या विमानाचा अपुरा सराव, हे सगळे त्यांनी नोंदवले आहे. लेथचा स्टॉप लिव्हर चुकीच्या बाजूला असलेले यंत्र मी वर्षानुवर्षे वापरले आहे, त्यामुळे हा अहवाल वाचताना मला विमानाचे ज्ञान फारसे लागले नाही.

दुसरा अहवाल कोल्हापूरकरांनी मुद्दाम वाचावा असा आहे. ११ एप्रिल १९९६ रोजी वायोमिंग राज्यातील शायान येथून सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि प्रशिक्षक-वैमानिक यांना घेऊन सेस्ना १७७बी विमान वादळी पावसात उडाले आणि लगेच कोसळून तिघेही मृत्यू पावले. शायानचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६,००० फुटांहून उंच, म्हणजे पातळ हवेत, आहे, आणि विमानात मर्यादेपेक्षा ४० किलोंहून थोडे अधिक वजन होते. सर्वांत लहान वयात देश ओलांडण्याच्या विक्रमासाठी आखलेले वेळापत्रक आणि प्रसारमाध्यमांना दिलेले शब्द यांचाही उल्लेख मंडळाने कारणांमध्ये केला आहे.

पातळ हवेचा प्रश्न केवळ अमेरिकेच्या पठारांचा आहे, असे मला आधी वाटत होते. उजळाईवाडीचा आपला विमानतळ, ज्याची सुरुवात राजाराम महाराजांच्या काळात १९३९ मध्ये झाली, सुमारे २,००० फूट उंचीवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश धरतात आणि त्याहून प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट मिळवतात. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश असताना हा हिशेब केला, तर विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी ५,२०० फुटांवर गेलेली असते. टर्बोचार्जर नसलेले इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के शक्ती गमावते, म्हणजे ११० अश्वशक्तीच्या इंजिनातून सतराएक अश्वशक्ती उड्डाणापूर्वीच वजा झालेली असते, पंखांची आणि प्रोपेलरची पकडही कमी होते. पुतण्याला हे सूत्र वर्गात शिकवलेले होते, पण गावच्या आकड्यांनी त्याने ते कधी सोडवलेले नव्हते.

अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनिअर यांच्या १६ जुलै १९९९ च्या अपघाताबद्दल फार लिहीत नाही, कारण ते अनेकांना ठाऊक आहे. रात्र, समुद्रावरचे धुके, डोळ्यांना क्षितिज नाही आणि केवळ उपकरणांवर उडण्याचा परवाना नाही, अशी ती परिस्थिती होती. याच संदर्भात इलिनॉय विद्यापीठाचा १९५४ चा प्रयोग आठवतो, ज्यात असे प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांचा ताबा क्षितिज दिसेनासे झाल्यावर सरासरी १७८ सेकंदांत सुटला. पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात ढगात शिरलेली गाडी निदान थांबवता येते.

माझ्या मते या सेवेचे खरे वैभव कार्ब्युरेटरमधील बर्फाच्या प्रकरणांत आहे. पेट्रोलचे बाष्पीभवन आणि अरुंद गळ्यातून वेगाने जाणारी हवा यांमुळे पेट्रोल-हवेचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरच्या आत तापमान तीस अंशांहूनही अधिक उतरू शकते. त्यामुळे हवा दमट असेल, तर बाहेर पंचवीस अंश असतानाही आत बर्फ धरतो, विशेषतः उतरताना थ्रॉटल मागे घेतलेला असतो तेव्हा. आपला जुलै नेमका असाच असतो. अपघातानंतर तपासनीस पोहोचेपर्यंत हा बर्फ वितळून गेलेला असतो, इंजिन चाचणीला लावले तर तक्रार न करता चालते, आणि गुन्हेगाराचा मागमूस राहत नाही. मग तपासनीस जवळच्या वेधशाळेचे तापमान आणि दवबिंदू घेतात, ते आलेखावर मांडतात, बर्फ वितळवण्यासाठी कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा लिव्हर कोणत्या स्थितीत सापडला ते पाहतात, आणि बर्फाची शक्यता तेवढी नोंदवतात. पुरावा नसताना किती बोलावे, याचा असा धडा मला कोणत्याही कार्यशाळेत मिळालेला नाही.

दोषही स्पष्ट सांगतो. शोधयंत्रणा अडाणी आहे, आणि पहिल्यांदा वापरणाऱ्याने अर्धा तास केवळ रकाने समजून घेण्यासाठी बाजूला ठेवावा. मापे फूट, पौंड आणि गॅलनमध्ये असल्यामुळे शेजारी कॅलक्युलेटर लागतो. लहान अपघातांच्या कितीतरी अहवालांत तपासनीस घटनास्थळी गेले नव्हते असे नमूद असते, आणि तेथे मजकूर दोन-तीन पानांत आटोपतो. मला सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे "संभाव्य कारण" या शीर्षकाखालचे वाक्य. "वैमानिकाने पुरेसा वेग राखला नाही" असे वाचून विद्यार्थी मान डोलावतो आणि आपण तसे करणार नाही असे समजून पुढे जातो. वेग का राखला गेला नाही, हे त्याच्या आधीच्या पानांत असते, आणि शोधणारे बहुतेक जण तिथपर्यंत जात नाहीत. आम्ही घरी निष्कर्षाचे पान उलटे ठेवतो. आधी वस्तुस्थिती वाचायची, पुतण्याने कुठे थांबलो असतो ते पेन्सिलीने लिहायचे, आणि मगच ते पान उघडायचे. दोनदा त्याची खूण मंडळाने दाखवलेल्या जागेच्या बरीच आधी पडली आहे, एकदा ती पडलीच नाही.

भारतात २०१२ पासून विमान अपघात तपास ब्युरो आहे, आणि प्रशिक्षण विमानांच्या अपघातांचे त्यांचे अहवालही सर्वांना मोफत वाचता येतात. आपल्याकडची हवा, आपल्याकडच्या धावपट्ट्या आणि आपल्याकडची शिकवण्याची पद्धत त्यांत असल्याने विद्यार्थ्यांनी ते सोडू नयेत, मात्र केवळ संख्येचा विचार केला तर अमेरिकेचा संग्रह कितीतरी मोठा आहे. अपघातातून थोडक्यात बचावलेल्यांच्या हकीकती हव्या असतील, तर नासाची १९७६ पासून चालणारी गोपनीय निवेदनांची सेवा आहे, जिथे चूक सांगणाऱ्याचे नाव काढून टाकले जाते.

पाचपैकी चार गुण देतो, एक गुण शोधयंत्रणेसाठी कापला आहे. पालकांनी झोपण्यापूर्वी वाचू नये. वहिनींनी एकच अहवाल वाचला, डेन्व्हर यांचा, आणि त्यानंतर त्या मुलाला फोनवर इंजिनाबद्दल विचारत नाहीत. आज टाकीत स्वतः काडी घालून पाहिलीस का, एवढेच विचारतात.