२१ व्होल्टची स्वस्त बॅटरी ड्रिल: खेड्यातल्या घराला पुरते

उन्हाळ्यात आमच्याकडं लाईन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून आर्वीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून बॅटरीवाली ड्रिल मशीन घेतली. कंपनी फारशी नावाची नाही, पण पैसे वसूल झाले. कुलरच्या स्टँडचे स्क्रू, गोठ्याच्या दाराचे कब्जे, छपराचे टिनपत्रे, सारं तिनं केलं. सागवानात स्क्रू सरळ बसतो. वाळलेल्या बाभळीत मात्र आधी बारीक छिद्र पाडूनच घ्या, नाहीतर स्क्रूचं डोकं घासतं. विटांच्या भिंतीत हॅमरवर (ठोकत ठोकत भोक पाडायच्या सेटिंगवर) ६ मिलिमीटरचं छिद्र आरामात पडतं. स्लॅबवर तिला छळू नका, तिथं वायरवाली रोटरी हॅमरच पाहिजे.

घेताना खोक्यावरच्या ४८, ८८ व्होल्ट अशा आकड्यांवर बिलकूल जाऊ नका. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की ४.२. म्हणजे पाच सेलच्या त्याच बॅटरीवर कोणी १८ लिहितो, कोणी २१. त्यापेक्षा बॅटरी किती अँपिअर-अवरची आहे, म्हणजे तिच्यात चार्ज किती मावतो, ते विचारा, चक (बिट पकडणारा पुढचा भाग) ढिला नाही ना हे हातानं हलवून पाहा, आणि दुसरी बॅटरी सुटी मिळते का हे आधी पक्कं करा. माझ्या मशीनसोबत एकच आली, ही मोठी उणीव.

आणि आपल्या विदर्भाचं ऊन! पारा ४५ वर गेला की टिनाखाली बॅटरी ठेवू नका. काम झाल्यावर ती गार होऊ द्या, मगच सकाळी किंवा रात्री चार्जिंगला लावा.