आठ महिने वापरल्यावर: फोनवरचं फेस कॅप्चर, ब्लेंडर आणि मराठी बोलणारं पात्र

छोट्या स्टुडिओत किंवा घरी बसून बोलणारं थ्रीडी पात्र करायचंय, आणि ते मराठी बोलणार आहे, अशांसाठी हा अनुभव. आमची जोडणी अशी: ट्रूडेप्थ म्हणजे खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्याचा आयफोन (२०१७ च्या आयफोन टेनपासून पुढचे, एसई सोडून), त्यावर चेहऱ्याची हालचाल टिपणारं (फेस कॅप्चर) लाइव्ह लिंक फेस हे ॲप, पुढचं सगळं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आणि दुय्यम पात्रांच्या ओठांसाठी रुबार्ब लिप सिंक. एका शॉर्टफिल्मसाठी आणि एका छोट्या गेमसाठी ही जोडणी आठ महिने जवळपास रोज चालली.

निकाल आधीच सांगून टाकतो. भुवया छान मिळतात, जबडा आणि ओठ बऱ्यापैकी मिळतात, गाल कमी मिळतात आणि डोळे जवळजवळ हातानेच करावे लागतात. पात्र माणूस आहे की मेणाचा पुतळा, हे प्रेक्षक मात्र डोळ्यांवरूनच ठरवतो. म्हणून कॅप्चर हाती आलं की काम संपलं असं धरून वेळेचा हिशेब मांडू नका. एका मिनिटाच्या संवादाचं रेकॉर्डिंग अर्ध्या तासात उरकतं. सफाईला पूर्ण दिवस जातो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त डोळ्यांवर.

कॅप्चर आणि सफाई

ॲप चेहऱ्याचे ५२ आकार नोंदवतं: जबडा उघडणं, डावी पापणी मिटणं, उजवा ओठकोपरा वर जाणं वगैरे. त्यात डोक्याच्या फिरण्याचे ३ आणि दोन डोळ्यांचे मिळून ६ आकडे धरले की सीएसव्ही फाइलमध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) किमतींचे ६१ रकाने होतात. सेकंदाला ६० नोंदी, आकारांच्या किमती ० ते १. मॉडेलवर त्याच नावांच्या ५२ शेप की (साठवून ठेवलेले चेहऱ्याचे आकार) बनवल्या की आकडे सरळ त्यांवर बसतात. आयात करताना एकेक की (कीफ्रेम, म्हणजे एका फ्रेमवरची किंमत) घालणारी स्क्रिप्ट वापरू नका, दोन मिनिटांच्या टेकला जेवण करून येण्याइतका वेळ लागतो. पूर्ण एफ-कर्व्ह (एका आकाराच्या हालचालीचा आलेख) एकदम भरणारी स्क्रिप्ट लिहिली की काम काही सेकंदांत होतं.

प्रत्येक टेकच्या सुरुवातीला नटाकडून चार गोष्टी करून घ्यायच्या: पाच सेकंद निवांत चेहरा, डोळे घट्ट मिटणं, जबडा पूर्ण उघडणं, दात दाखवणं. निवांत चेहऱ्याच्या आकड्यांची सरासरी काढून ती त्या रकान्यातून वजा करायची. बारीक डोळ्यांच्या माणसाचा आयस्क्विंट (डोळे बारीक करण्याचा आकार) काहीही न करता ०.१ ते ०.२ दाखवतो. तो वजा केला नाही तर पात्र अख्खा सीन संशयाने बघत राहतं आणि असं का दिसतंय हे कोणालाच कळत नाही.

पापणीचं उलट आहे. ती नीट मिटली तरी आकडा बऱ्याचदा ०.७-०.८ ला अडतो, म्हणजे मॉडेलची पापणी फटीएवढी उघडी राहते. घट्ट मिटलेल्या डोळ्यांचा आकडा १ धरून सगळा रकाना त्या प्रमाणात ताणायचा.

मग सेकंदाला ६० वरून २४ फ्रेमवर येताना एक चूक हमखास होते. एक उघडझाप साधारण १०० ते ४०० मिलिसेकंदांची असते. दीडशे मिलिसेकंद म्हणजे २४ च्या हिशेबात साडेतीन फ्रेम, आणि पापणी पूर्ण मिटलेली असते त्यातली जेमतेम एक. नमुने घेताना नेमकी तीच गळली, तर पापणी अर्ध्यावर जाऊन परत येते आणि पात्र पेंगुळलेलं दिसतं. मधल्या की काढू नका. प्रत्येक उघडझापेचं टोक सरकवून पूर्ण फ्रेमवर आणा. मिटणं झपकन, उघडणं त्याच्या दुप्पट वेळात.

थरथर घालवायला सगळ्या रकान्यांना एकच स्मूदिंग लावायचा मोह प्रत्येकाला होतो. तिथेच अभिनय मरतो. म, प, ब साठी ओठ मिटतात ते शंभर मिलिसेकंदांच्या आतबाहेर. ६० फ्रेमच्या डेटावर पाच नमुन्यांची सरासरी काढली की ते मिटणं पुसलं जातं. भुवया, गाल आणि डोकं बिनधास्त स्मूद करा. पापण्या, जबडा, माउथक्लोज (ओठ मिटणं) आणि माउथप्रेस (ओठ दाबणं) यांना हात लावू नका.

माउथक्लोजबद्दल एक गोष्ट. हा आकार एकट्याने चालवायचा नसतो. जबडा खाली असताना ओठ मिटवायला तो आहे, म्हणून जॉओपन (जबडा उघडणं) पूर्ण १ वर ठेवूनच तो घडवायचा. जबडा मिटलेला असताना त्याची किंमत वर गेली तर खालचा ओठ वरच्यातून आरपार जातो. ड्रायव्हरमध्ये (एका किमतीवरून दुसरी चालवणाऱ्या सूत्रात) जॉओपन आणि माउथक्लोज यांतली लहान किंमत घेतली की हा त्रास कायमचा जातो.

डोळे

कॅप्चरमधली नजर आम्ही आता वापरतच नाही. ती थरथरते, आणि दोन्ही डोळे एकाच बिंदूवर येत नाहीत. त्याऐवजी एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी खूण) ठेवायची आणि दोन्ही डोळ्यांना तिच्यावर डॅम्प्ड ट्रॅक (डोळा तिच्याकडेच वळलेला ठेवणारं बंधन) लावायचा. ही एम्प्टी पात्र खरोखर जिथे बघतंय तिथेच हवी. बुबुळांतलं अंतर ६३ मिलिमीटर धरलं, तर ६० सेंटिमीटरवरच्या माणसाकडे बघताना प्रत्येक डोळा सुमारे ३ अंश आत वळतो. ३ मीटरवर जेमतेम ०.६ अंश. समोरच्याशी बोलणाऱ्या पात्राची एम्प्टी दूर भिंतीवर ठेवली की ते त्या माणसाच्या आरपार बघतं. क्लोज-अपमध्ये तीन अंश भरपूर दिसतात.

नजर सरकत नाही, उडी मारते. नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक हीच: एम्प्टीला दोन की देऊन मध्ये ब्लेंडरची नेहमीची गुळगुळीत बेझिअर सोडून द्यायची. नजर दहाबारा फ्रेम तरंगत जाते आणि पात्र सुरक्षा कॅमेऱ्यासारखं फिरतं. खरी उडी एक-दोन फ्रेमची, जास्तीत जास्त तीन. मग डोळा तिथे थांबतो. क्लोज-अपमध्ये थांबल्यावरही अर्ध्या-एक अंशाच्या बारीक उड्या हव्यात, दर अर्ध्या ते दोन सेकंदांनी, अनियमित. त्या नॉइज मॉडिफायरने करू नका, त्याने डोळा लटपटतो. हाताने की द्या, इंटरपोलेशन कॉन्स्टंट (म्हणजे मध्ये न सरकता थेट उडी).

क्रमही सांभाळायचा. कोणी हाक मारली तर आधी डोळे जातात, दोन ते चार फ्रेमनी डोकं निघतं, खांदे त्याच्याही मागून. डोकं फिरत असताना डोळे लक्ष्यावर रोवलेले राहतात, म्हणजे खोबणीत उलट दिशेला फिरतात. ट्रॅक लावलेला असला की हे आपोआप होतं, फक्त डोकं आणि एम्प्टी एकाच फ्रेमवर सुरू करू नका. उडी मोठी असेल तर मध्ये एक उघडझाप टाका. खाली बघताना वरची पापणी बुबुळाबरोबर खाली यायलाच हवी. त्यासाठी डोळ्याच्या फिरण्यावर ड्रायव्हर लावा. तो नसला तर खाली बघणाऱ्या पात्राच्या बुबुळाच्या वरच्या बाजूला पांढरं दिसतं आणि साधा हिशेब वाचणारा माणूस भेदरलेला वाटतो. निवांत अवस्थेत वरच्या पापणीने बुबुळाचा वरचा मिलिमीटर-दोन मिलिमीटर झाकलेला असावा.

कधी उघडझाप करायची, हा अभिनयाचा प्रश्न आहे. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो, पण बोलताना जास्त आणि एकाग्र असताना बरंच कमी. विचार संपतो तिथे, वाक्य तुटतं तिथे, खोटं बोलून झाल्यावर, अशा जागा शोधाव्या लागतात. समोरच्याचं बोलणं कळल्याच्या क्षणी ऐकणाऱ्याने एकदा पापणी मिटली, तर एकही शब्द न उच्चारता प्रेक्षकाला कळतं की याला समजलं.

मराठी ओठ

रुबार्ब आवाजाच्या फाइलवरून तोंडाच्या आकारांची यादी देतं: ए ते एफ हे सहा मूळ आकार आणि हवे असल्यास जी, एच, एक्स हे तीन जादा. त्याचा मूळ रेकग्नायझर (उच्चार ओळखणारा भाग) इंग्रजीसाठी आहे. मराठीला फोनेटिक रेकग्नायझर निवडायचा, तो भाषेला बांधलेला नाही. फाइल वेव्ह द्या, आवाज कोरडा (न घुमणारा) द्या, मागे संगीत नको. गेममधल्या दुय्यम पात्रांना एवढं पुरतं. मुख्य पात्राला नाही, कारण मराठीच्या खोडी तुम्हालाच सांभाळाव्या लागतात.

अनुस्वार घ्या. लिपीकडे बघून ॲनिमेशन करणारा प्रत्येक टिंबावर ओठ मिटवतो. ‘आंबा’मध्ये ओठ मिटतात, बरोबर. ‘पांढरा’मध्ये मिटत नाहीत, जीभ वर जाते. ‘संवाद’मध्ये तर ओठ मिटतच नाहीत, नुसते गोलावतात आणि आवाज नाकात जातो. ‘केलं’, ‘झालं’, ‘वांगं’ यांच्या शेवटी ओठ मिटवले की संपलंच. तिथे तोंड अर्धं उघडं ठेवून स्वर चार-पाच फ्रेम लांबतो. मराठी संवादात असे शब्द दर वाक्याला येतात, त्यामुळे एवढी एक दुरुस्ती केली तरी पात्र मराठी वाटायला लागतं.

‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून बघा, आरशात. पहिल्या शब्दात ओठ किंचित पुढे येतात. दुसऱ्यात दात जवळ येतात आणि ओठ फाकतात. ज आणि झ चंही तसंच. व साठी खालचा ओठ वरच्या दातांशी हलकेच जातो. इंग्रजीसाठी बेतलेले आकार तिथे चंबू करतात आणि ‘वही’ परक्या माणसाने म्हटल्यासारखी दिसते. फ चं मात्र नटाच्या तोंडाकडे बघून ठरवा, कारण काहीजण ओठ मिटवून म्हणतात, काहीजण दात टेकवून.

ट, ठ, ड, ण, ळ हे सगळे जिभेचे आहेत, आणि ५२ आकारांत जिभेचा एकच: बाहेर काढलेली जीभ. तीन हाडांची साखळी घालून जीभ स्वतंत्र रिग करावी लागते. ‘बाळ’ म्हणताना एक-दोन फ्रेम जिभेची खालची बाजू दिसली, तरी पुरे.

आणि ‘च्च’. हळहळ, नकार, वैताग, सगळं त्या एका आवाजात मावतं. कोणतंही लिप सिंक तो नीट पकडत नाही, कारण तो श्वासावर होतच नाही. आम्ही तो असा करतो: जीभ दातांमागे टेकवा, जबडा अगदी थोडा, ०.०५ इतका खाली, एका बाजूचा ओठकोपरा मागे ओढा, मग जीभ सुटते त्या फ्रेमवर नजर खाली. सगळं मिळून पाच फ्रेम. आमच्या गेममधल्या म्हाताऱ्या दुकानदाराला हे दिल्यावर टेस्टिंगला आलेली मुलं त्याच्याशी बोलायला परत परत जायची.

हसू, श्वास, मान

हसण्यात कॅप्चर गाल कमी देतं, त्यामुळे ओठ हसतात आणि डोळे कोरडे राहतात. डुशेन या फ्रेंच डॉक्टरने १९ व्या शतकातच दाखवलं होतं की खऱ्या हसूत डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळतो. चीकस्क्विंटला (गाल वर उचलण्याच्या आकाराला) माउथस्माइलच्या ०.४ पट ड्रायव्हर लावा, पण तो बंद करायची सोय ठेवा, कारण वरवरच्या हसूला तो नको. हसू चढायला अर्धा ते पाऊण सेकंद द्या, उतरताना ओठ आधी सोडा आणि डोळे मागून. डाव्या-उजव्या बाजूत एक फ्रेमचा फरक ठेवा.

श्वास चेहऱ्याच्या कॅप्चरमध्ये येत नाही, तो घालावाच लागतो. वाक्याआधी छाती आणि गळ्याची हाडं वर, ओठ आवाजाच्या तीन-चार फ्रेम आधी उघडे. आवाज आणि तोंड एकाच फ्रेमवर सुरू झालं की डबिंगसारखं दिसतं.

चेहरा कितीही खरा असला तरी मान वेगळ्या तालात असली तर सगळं पडतं. २०११ च्या एल. ए. नॉयर या गेममध्ये नटांचे चेहरे ३२ कॅमेऱ्यांनी टिपले होते, शरीराची हालचाल मात्र वेगळी घेतली होती. तो चेहरा आजही थक्क करतो, आणि डोकं धडावर ठेवल्यासारखं वाटतं तेही जाणवतं. दोन्ही एकत्र टिपता येत नसेल तर निदान डोक्याच्या फिरण्याचा थोडा भाग मानेच्या आणि वरच्या मणक्याच्या हाडांना वाटून द्या. आम्ही ५० टक्के डोक्याला, ३० मानेला, २० छातीला देतो.

त्वचेबद्दल फार लिहीत नाही. सबसरफेस (त्वचेच्या आत शिरून पसरणारा प्रकाश) आणि डोळ्याची ओलसर कड एवढं केलं की बाकीचा वेळ हालचालीला द्या. रंध्रं मोजत बसण्याची अवस्था आमच्याकडेही आली होती. त्याने एकही शॉट सुधारला नाही.

गेमसाठी वेगळं

ब्लेंडरचे ड्रायव्हर गेम इंजिनात जिवंत राहत नाहीत, म्हणून निर्यातीआधी सगळं बेक करा (साध्या कीमध्ये उतरवा). उघडझाप ठरावीक चार सेकंदांनी ठेवू नका, दोन ते सहा सेकंदांत यादृच्छिक ठेवा, आणि कधीतरी लागोपाठ दोन. खेळाडूकडे बघताना पहिले १५ अंश फक्त डोळ्यांनी, त्यापुढे डोकं, ७० अंशांनंतर पात्राने पायच वळवावेत किंवा बघणं सोडून द्यावं. सतत रोखून बघणारं पात्र अंगावर येतं. तीन-चार सेकंदांनी नजर हातातल्या कामाकडे गेली पाहिजे.

फोन तापला की फ्रेम गळतात, म्हणून टेक दोन-तीन मिनिटांचेच घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा. पैसे उरले तर नवा फोन घेण्याऐवजी डोक्यावर बसणारा माउंट घ्या. स्टँडवरच्या फोनसमोर नट मान हलवायला घाबरतो, आणि ते अवघडलेपण डेटात उतरलं की नंतर कशानेही निघत नाही.

शॉट झाला की आमची तपासणी ठरलेली आहे. आवाज बंद करून, स्क्रीनवर तोंडाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवून, सीन माहीत नसलेल्या माणसाला दाखवायचा आणि विचारायचं: हा कोणाकडे बघतोय, आणि त्याला समोरच्याचं पटलंय का? उत्तर आलं नाही तर ओठांना हात न लावता पुन्हा एम्प्टीच्या की उघडायच्या.