पक्षाघातानंतर आखडलेल्या हातासाठी स्पास्टिसिटी क्लिनिक : तीन भेटींनंतरचा अभिप्राय

वडिलांना पक्षाघात होऊन सात महिने झाल्यावर आम्ही त्यांना एका मोठ्या रुग्णालयाच्या स्पास्टिसिटी (म्हणजे मेंदूच्या इजेनंतर स्नायूंना येणारा ताठरपणा) क्लिनिकमध्ये नेले. तोपर्यंत त्यांचा उजवा हात कोपरात दुमडून छातीशी आला होता, मनगट खाली वळले होते आणि मूठ इतकी घट्ट मिटली होती की नखांचे व्रण तळहातावर उमटत. आतली त्वचा सतत ओलसर राहून तिला वास येऊ लागला होता आणि नुसता तळहात पुसायचा तरी दोन माणसे लागत. गेल्या चार महिन्यांत तिथे तीन भेटी झाल्या. त्यांच्या आधारे हे लिहीत आहे.

या सेवेची सर्वांत भक्कम बाजू तपासणीची आहे. याआधी दुसरीकडे एकदाच हात ओढून पाहिला गेला होता आणि कागदावर ‘अ‍ॅशवर्थ ३’ असे लिहून गोळ्या दिल्या गेल्या होत्या. सुधारित अ‍ॅशवर्थ श्रेणी ० ते ४ अशी असून १ आणि २ यांच्यामध्ये ‘१+’ ही आणखी एक पायरी असते. स्नायू ताणताना किती विरोध जाणवतो, एवढेच ती नोंदवते. तो विरोध कशाचा आहे, हे तिच्यावरून कळत नाही. इथे फिजिओथेरपिस्टने वडिलांना निजवले, “काका, हात सैल सोडा, तुम्ही काहीच करायचे नाही,” असे सांगितले आणि कोपर आधी अगदी सावकाश व मग झटकन सरळ करून पाहिले. सावकाश नेताना ते जवळजवळ पूर्ण उघडले. झटकन नेताना मात्र अर्ध्या वाटेतच अडकले. दोन्ही वेळचे कोन मोजून लिहिले गेले. या पद्धतीला टार्डिउ म्हणतात आणि तिचा अर्थ आम्हाला तिथल्या तिथे सांगण्यात आला: दोन कोनांत मोठे अंतर असेल, तर स्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया वाजवीपेक्षा जास्त झाली आहे आणि तिथे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनला वाव आहे, सावकाश नेऊनही सांधा तेवढ्याच जागी थांबत असेल, तर स्नायू व त्याभोवतीच्या ऊती आखूड झाल्या आहेत आणि इंजेक्शनाने फारसे साधणार नाही. वडिलांच्या कोपरात अंतर मोठे निघाले, मनगटात कमी.

लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, अंगावरची जखम, खांदेदुखी यांपैकी काही आहे का, हेही त्यांनी विचारले, कारण शरीरात कुठेही त्रास असला तरी हाताचा ताठरपणा वाढतो. इतक्या महिन्यांत हा प्रश्न आम्हाला कोणीच विचारला नव्हता.

हाताकडून तुम्हाला काय हवे आहे, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा वडील म्हणाले, “सही करता यावी.” इंजेक्शनाने कडकपणा उतरतो, पण गेलेली ताकद आणि बोटांचे कसब त्याने परत येत नाही, हे डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहून स्पष्ट सांगितले. वडील त्या दिवशी फार बोलले नाहीत. तरीही खोटी आशा न दाखवता ‘तळहात एका माणसाला धुता यावा आणि शर्टाच्या बाहीत हात सहज जावा’ ही दोन उद्दिष्टे कागदावर आली, याचे मला मोल वाटते.

दुसऱ्या भेटीत सोनोग्राफीवर पाहत दंडाच्या आणि बोटे मिटवणाऱ्या स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिन दिले गेले. चेतातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिन (स्नायूला आकसण्याचा संदेश देणारे रसायन) बाहेर पडणे ते रोखते, त्यामुळे स्नायू सैलावतो. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन ते चार महिन्यांत ओसरतो. आम्हाला आठवड्याच्या आतच मूठ नरम लागली. पण त्याहून उपयोगी पडली ती ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनी) शिकवलेली रीत. आम्ही बोटांची टोके धरून ओढत असू आणि मूठ आणखी आवळत असे. त्यांनी आधी मनगट तळहाताच्या बाजूला आणखी वाकवले, अंगठा बुडाशी धरून बाहेर घेतला आणि मग बोटे जवळजवळ आपोआप सुटली. आता आई एकटीने हे करते.

उणीव पाठपुराव्यात आहे. परिणाम चार ते सहा आठवड्यांनी सर्वाधिक असतो आणि ताणाचे व्यायाम व सराव वाढवण्याची वेळही तीच. आम्हाला मात्र थेट दहाव्या आठवड्याची तारीख मिळाली. शिवाय इंजेक्शनापूर्वी मापून केलेला स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार) हात उघडल्यावर बदलायला हवा होता. तो तसाच राहिला आणि अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ उठू लागला, तेव्हा आम्ही स्वतःच तो काढून ठेवला. फोनवर विचारले तर पुढच्या भेटीत दाखवा, एवढेच उत्तर मिळाले. इतक्या बारकाईने तपासणाऱ्या ठिकाणी हे घडावे, याचे वाईट वाटले.

दोन्ही लिखित उद्दिष्टे साधली आहेत. मनगट अजून तसेच आहे. पुढची मात्रा सहसा १२ आठवड्यांच्या आत देत नाहीत, त्यामुळे ती आता जवळ आली आहे. त्यासाठी आम्ही तिथेच जाणार आहोत, मात्र या वेळी पाचव्या आठवड्याची तपासणी आणि स्प्लिंटचे नवे माप यांची तारीख इंजेक्शनाच्या दिवशीच लिहून घेऊ.