मराठी बायबल, संदर्भवालं, मोठं अक्षर, चेनचं कव्हर : चार महिने वापरून लिहितेय

घरात आजीच्या वेळचं बायबल होतं पण त्याची पानं सुटायला लागली म्हणून हे घेतलं, आणि खरं सांगायचं तर मला एक उत्तर शोधायचं होतं. आमच्याकडे रविवारचं चर्च कधी चुकत नाही, तरी बाळाला ताप आला की मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढतात आणि वर उशीखाली बायबल ठेवतात. मी नको म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, अगं बायबलच ठेवलंय ना, त्यात काय वाईट? मला काही बोलता यायचं नाही.

आधी बायबलमधल्या 'अनुवाद' पुस्तकाचा १८ वा अध्याय काढला. चेटूक, शकुन बघणं, मंत्रतंत्र, मेलेल्यांना विचारणं, सगळं एका दमात मना केलंय, आणि भाषांतरात 'पंचाक्षरी' शब्द आहे, म्हणजे आपल्या गावाकडे भूत उतरवायला बोलवतात तोच माणूस! पण हे तर मला माहीत होतं, सासूबाईंनाही. उशीखालच्या बायबलचं काय?

इथे ह्या प्रतीचे संदर्भ कामाला आले. गणना २१ मध्ये साप चावून लोक मरत होते तेव्हा देवानेच त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला, पितळेचा साप करून खांबावर लावायला सांगितलं, जो बघेल तो वाचेल. तिथून संदर्भ नेतो २ राजे १८:४ ला. कित्येक शतकांनंतर लोक त्याच सापापुढे धूप जाळत होते आणि हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. देवाने सांगून केलेली वस्तू, तरी फोडली! मी ते दोनदा वाचलं. मग १ शमुवेल ४. पहिल्या लढाईत इस्राएलाचे ४,००० पडले तर ह्यांनी कराराचा कोशच (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) रणांगणात आणला, म्हणजे आता जिंकणारच, आणि पडले ३०,००० आणि कोशही शत्रूने नेला.

हाच धडा मी रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. कोश गेल्याचं ऐकून म्हातारा याजक एली पडून मेला तिथपर्यंत त्या गप्प ऐकत होत्या, मग म्हणाल्या, परत वाच. एवढंच. बाकी काही बोलल्या नाहीत आणि मीपण ताणलं नाही.

आता पुस्तकाचं. अक्षर खरंच मोठं आहे, त्यांना चष्म्याने आरामात वाचता येतं. कागद फार पातळ, मागचं दिसतं आणि हायलायटर तर आरपार उतरतो, पेन्सिलच वापरा. चेन दुसऱ्या महिन्यात अडकायला लागली, मेणबत्ती घासली तर चालतेय. विषयसूची कमी पडते, 'अंधश्रद्धा' असा शब्द शोधाल तर सापडणार नाही, 'जादू' किंवा 'शकुन' बघावं लागतं. प्रेषितांची कृत्ये १९ मला असंच सापडलं, इफिसात लोकांनी आपली जादूची पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली, किंमत ५०,००० चांदीची नाणी. विकली नाहीत हो, जाळली, इतका पैसा असून!

पाचपैकी चार देते, एक कागदाचा कापला. गेल्या आठवड्यात बाळाला परत ताप आला तेव्हा आधी डॉक्टरकडे नेलं, घरी आल्यावर सासूबाईंनी प्रार्थना केली. मीठ-मोहरी काढली नाही. बायबल टेबलावर उघडं होतं, चष्मा त्यावरच ठेवलेला.