आमदार कार्यालयातलं पत्रव्यवहाराचं सॉफ्टवेअर: पावसाळ्यापासून आचारसंहितेपर्यंतचा अनुभव

मी पुण्यातल्या एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात पत्रव्यवहार बघतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही आवक-जावक रजिस्टरच्या जोडीला नागरिकांच्या पत्रांसाठी सॉफ्टवेअर घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. घेण्याआधी ज्यांचे डेमो पाहिले त्या सगळ्यांची रचना थोड्याफार फरकाने अशीच होती, आणि दुखणीही तीच.

हे घ्यावं का लागलं, ते आधी. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. मधली जवळपास चार वर्षं नगरसेवक नाहीत, प्रशासक. तुंबलेलं ड्रेनेज, बंद पडलेला दिवा, तारांवर आलेली फांदी, सगळं आमदारांच्या दारात. त्यात लाडकी बहीणचा अडकलेला हप्ता, संजय गांधी निराधारचं प्रकरण, आरटीईचा प्रवेश. रजिस्टरला नोंद व्हायची, पत्रही जायचं, पण त्या पत्राचं पुढे काय झालं ते ज्याने लिहिलं त्याच्याच डोक्यात. तो रजेवर गेला की संपलं.

इथे सॉफ्टवेअरने पैसे वसूल करून दिले, हे मान्य करायलाच हवं. पत्र काढतानाच पाठपुराव्याची तारीख टाकावी लागते, नाहीतर पत्र सेव्हच होत नाही. सुरुवातीला या सक्तीचा वैताग आला, आता तीच सगळ्यात कामाची वाटते. सकाळी उघडलं की आज कुणाकुणाला फोन लावायचे त्यांची यादी समोर. वॉर्ड ऑफिसला फोन करून "अमुक तारखेला पत्र, अमुक तारखेला स्मरणपत्र, तुमच्याच आवकचा नंबर हा" असं वाचून दाखवलं की पलीकडच्याला "पत्र मिळालंच नाही" म्हणायची सोय राहत नाही. हिवाळी अधिवेशनात नागपूरहून पीएंचा फोन येतो, सभागृहात लक्षवेधी सूचना लावायचीय, पाण्याच्या तक्रारी भागवार काढून द्या. पूर्वी त्यासाठी दोन माणसं रजिस्टर चाळत बसायची. आता चहा यायच्या आत यादी गेलेली असते.

पण या सॉफ्टवेअरची मूळ समजूतच वेगळी आहे. त्याच्या लेखी नागरिक पत्र लिहितो, कार्यालय उत्तर देतं, विषय मिटतो. अमेरिकेत काँग्रेस सदस्यांच्या कार्यालयांत अशा प्रणाली फार पूर्वीपासून आहेत. तिथे एकाच विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात ढिगाने पत्रं येतात. सारख्या मजकुराची पत्रं एकत्र लावायची आणि सगळ्यांना एक उत्तर धाडायचं, हे तिथलं मोठं काम. आमच्याकडे आलेल्या प्रणालीतही 'विधेयक क्रमांक' आणि 'बाजूने / विरोधात' असे रकाने होतेच. आमच्याकडे विधेयकावर मत कळवायला क्वचितच कुणी येतं. लोक काम घेऊन येतात, आणि ते काम आमच्या हातात नसतं. आम्ही पत्र देतो महापालिकेला, महावितरणला, तहसीलदाराला. त्यामुळे विधेयक क्रमांकाच्या रकान्यात आम्ही वॉर्ड ऑफिसच्या आवकचा नंबर टाकतो. छान चाललंय.

खरी गंमत 'निकाली' या बटणाची. पत्र रवाना झालं की प्रकरण आपोआप निकाली, आणि लगेच नागरिकाला मेसेज: आपलं काम पूर्ण झालं, किती तारे द्याल? एक काकू तो मेसेज घेऊन थेट ऑफिसात आल्या. मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "काम पूर्ण झालं म्हणताय ना? चला घरी, नळ सोडून दाखवा." यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. धर्मादाय रुग्णालयाच्या पत्राचं तर विचारूच नका. निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत, हा नियम सांगून आपण शिफारसपत्र देतो. खाट मिळाली का, हे संध्याकाळी नातेवाइकाला फोन केल्यावर कळतं. तोवर तारे मागायचे? कंपनीच्या मागे लागून शेवटी टप्पे पाडून घेतले: पत्र दिलं, विभागाचं उत्तर आलं, जागेवर काम झालं, नागरिकाने सांगितलं. चौथ्या टप्प्याशिवाय प्रकरण बंद होत नाही. साहजिकच निकालीचे आकडे धाडकन खाली आले. साहेबांना ते पहिल्यांदा रुचलं नाही, पण जनता दरबारात तोंडघशी पडण्यापेक्षा बरं.

दुसरी अडचण म्हणजे एका तक्रारीला एकच विभाग. ज्याने कुणी हे ठरवलं त्याने पुणे पाहिलेलं नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मुठा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरलं, तेव्हा जलसंपदा आणि महापालिका एकमेकांकडे बोट दाखवत होते, हे अजून लोकांच्या लक्षात आहे. कालवा एकाचा, त्यातला कचरा दुसऱ्याचा, शेजारची झोपडपट्टी तिसऱ्याच्या फायलीत. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली, तिथे तर रस्ता कुणाचा हे शोधण्यातच पहिलं पत्र खर्ची पडतं. आम्ही अजूनही एकाच तक्रारीच्या दोन नोंदी करून त्या हाताने जोडतो.

मराठीचं म्हणाल तर पडद्यावर सगळं मराठी दिसतं. मराठीत शोधायला गेलात की खरं कळतं. 'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला ऱ्ह युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी साठवला जातो, दिसायला तंतोतंत सारखा. एकाने मोबाइलवरून टाइप केलं, दुसऱ्याने ऑफिसच्या कीबोर्डवरून, की एकाच माणसाची दोन खाती. जुन्या पत्रांचे मसुदे श्रीलिपी या युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये होते, ते चिकटवले तर नुसती चित्रविचित्र अक्षरं. आता आम्ही नावाने शोधतच नाही, मोबाइल नंबरने शोधतो. आणि घरात चौघांचा मिळून एक नंबर असला की पुन्हा घोळ.

एसएमएसचं बिल आलं तेव्हाही डोळे पांढरे झाले. इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७०. त्यात काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. 'आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली असून' इथेच निम्मा मेसेज संपतो. शिवाय मेसेजचा प्रत्येक मसुदा दूरसंचार नियामकाच्या, म्हणजे ट्रायच्या, नियमाप्रमाणे आधी नोंदवून घ्यायचा, एक शब्द बदलला तरी नव्याने. मसुदे छाटून छाटून पूर्वीच्या पोस्टाच्या तारेसारखे त्रोटक केले तेव्हा कुठे खर्च आटोक्यात आला. लोक तरीही व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोटच पाठवतात, आणि ती ऐकून नोंद करायला माणूसच लागतो.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आम्ही बंदच करून टाकल्या. खात्यात 'मयत' असा पर्याय नाही. यापेक्षा जास्त सांगायची गरज नसावी.

महापालिकेची आचारसंहिता लागली तेव्हा दोन गोष्टी उघड्या पडल्या. आधीच वेळ लावून ठेवलेले मेसेज एका झटक्यात थांबवायची सोय नाही, एकेक उघडून रद्द करावे लागले. आणि 'एक्सेल डाउनलोड' हे बटण झाडून सगळ्यांना दिसतं. निवडणुकीच्या दिवसांत कार्यकर्ते प्रेमाने येऊन बसतात, "प्रभागाची जरा यादी द्या ना." त्या यादीत उत्पन्नाचे दाखले आहेत, आधारच्या प्रती आहेत, कुणाच्या घरात कुठला आजार आहे ते आहे. माणसाने ते कामासाठी दिलं, प्रचारासाठी नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी ही साधी रीत आहे. डाउनलोडचा अधिकार आता दोघांकडेच आहे, त्यावरून दोन-चार जण रुसलेही.

नगरसेवक परत आल्यापासून दिव्या-ड्रेनेजची गर्दी ओसरायला लागली आहे, तरी आम्ही वर्गणी पुढे चालू ठेवतोय. करारात या वेळी तीन गोष्टी लेखी घेतल्या: एका तक्रारीला अनेक विभाग, मेसेज एकत्र थांबवायचं बटण, आणि सोडून जायचं झालं तर सगळ्या नोंदी जोडपत्रांसह युनिकोडमध्ये परत. रजिस्टर सुरूच आहे. महापालिकेचा शिपाई पोच म्हणून शिक्का मारतो तो कागदावरच.